पाचव्या जहाजातली लोकर

शनिवारी दुपारी कामावरून घरी आले, दार ढकललं आणि पायात काहीतरी आलं. खाकी पिशवी. दारातच आडवी टाकलेली, येणाऱ्याने तोंडघशी पडावं अशी. आतून बारक्याच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, अंघोळीचा आवाज येत होता. बादली आणि गाणं एकाच बेसूर सुरात. म्हणजे सुट्टी मिळाली होती त्याला, आणि आल्या आल्या सामान दारात सोडून हा नहाणीत शिरला होता. सत्तावीस वर्षांचा झाला तरी पिशवी कुठे ठेवावी हे मीच सांगायचं. उचलायला वाकले आणि तिच्यावरचा आकडा दिसला. निळा पट्टा, त्यावर पांढऱ्या रंगात चौदा. रंग अजून पुरता वाळलेला नव्हता, माझ्या बोटाला लागला. मी तशीच वाकलेली राहिले. कानाच्या पाळ्या तापल्या, हिरड्या ठणकायला लागल्या. राग आला की मला आधी हिरड्यांतच कळतं, लहानपणापासून. पण राग कशाचा, ते त्या क्षणी सांगता आलं नसतं. बारक्या टॉवेल गुंडाळून बाहेर आला, ओल्या हाताने मला मिठी मारायला लागला, आणि मी ओरडले, "ही काय जागा आहे पिशवी टाकायची? कोणाचा पाय मोडेल!" तो हसला. "मोडला तर बरंच. आम्ही समुद्रकिनारी ऊन खात पडू, तू इथे प्लास्टरमध्ये." मग आत जाऊन सगळा नवा सरंजाम अंगावर चढवून आला. अर्धी चड्डी, पातळ सुती सदरा, बोटं दिसतील इतके विरळ मोजे. खांद्यावर मच्छरदाणी. "कशी वाटते नवरदेवाची शाल?" म्हणून स्वतःभोवती फिरला. ती मच्छरदाणी मी ओळखत होते. मच्छरदाण्या, नग आठशे, पलटण चौदा. ती ओळ मी स्वतः टाइप केली होती.

युद्धाआधी मी एका जहाज कंपनीत होते. कुठला माल कुठल्या जहाजाच्या पोटात, कुठल्या थराला, हे ठरवायचं काम. सोपा नियम आहे त्याचा: जे उतरवताना आधी लागेल ते चढवताना शेवटी. हे एक वाक्य नीट कळलेली माणसं फार थोडी असतात म्हणून सैन्याने मला बोलावून घेतलं. एका विमा कंपनीची इमारत त्यांनी ताब्यात घेतली होती; तिसऱ्या मजल्यावर आमचा नियोजन कक्ष, खिडक्यांना काळे कागद, भिंतीवर नकाशा, त्यावर पडदा. पडदा कर्नलसाहेब स्वतः सरकवत. मला सगळे तक्तेबाई म्हणत. समुद्रापार चार पलटणी जायच्या होत्या. त्यांची खरी नावं आम्हाला कळू द्यायची नाहीत असा नियम, म्हणून अकरा, बारा, तेरा, चौदा. प्रत्येकीत आठशे माणसं. आठशे माणसांचं वजन, पाणी, बिछाने, संडास, सगळं मला तोंडपाठ. माणूस एकही ठाऊक नाही. जायचं होतं ते एका बर्फाळ बेटावर. आणि कपडे द्यायचे होते उन्हाळी. ही कर्नलसाहेबांची कल्पना. गोदीच्या फाटकाबाहेर पेरू विकणारासुद्धा ओव्हरकोट मोजून सांगेल कुठे चाललेत ते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सगळ्यांना चड्ड्या आणि मच्छरदाण्या उघड्यावर वाटायच्या, हेर जे लिहून पाठवायचं ते पाठवू देत. लोकरी कपडे मागून. पलीकडच्या बंदरात एका वेळी चारच जहाजं लागतात, पाचवं अकरा दिवसांनी. लोकर पाचव्यात. तीन आठवड्यांपूर्वी हा कच्चा तक्ता मी केला. अकरा दिवस हा आकडा मला दिसला नव्हता असं नाही. दिसला होता. पण एक गाठ सुटत नव्हती ती सुटली, पाचही जहाजं काठोकाठ बसली, एक पेटी उरली नाही, आणि मी पेन्सिल कानावर खोचून शेजारच्या टायपिस्टला म्हटलं होतं, "झाला बाई सुबक."

सुबक! हा शब्द आठवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. समोर बारक्या मच्छरदाणीची घडी घालत होता, त्याची घडी कधी नीट बसायचीच नाही. सातमाशा पोर. जन्मला तेव्हा उंदराच्या पिल्लाएवढा होता, अंगावर लव, नखं नव्हती. कडाक्याची थंडी होती आणि डॉक्टर म्हणाले होते, ऊब तुटली की गेला. आईने काचेच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या होत्या. सकाळची पाळी तिची, दुपारची माझी. मी अकरा वर्षांची. शाळा बुडवून मी बाटल्यांपाशी बसलेली. एक निवायला लागली की दुसरी. त्याचे तळपाय माझ्या अंगठ्याएवढे, मी ते तोंडाशी धरून हा-हा करून श्वास सोडायची. वाफ लागली की पाय गुलाबी व्हायचा, दूर नेला की निळा. दोन महिने तो निळा-गुलाबी खेळ मी खेळले. मग आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, आणि पुढचं सगळं माझ्याच पदरात. लग्न राहिलं ते राहिलं, त्याचं मला काही नाही. पण ज्या पायात मी श्वास भरला होता तो पाय मीच एका कागदावर आठशेंनी गुणून बर्फात उभा केला, आणि वर कानावर पेन्सिल खोचली. त्याने विचारलं, "ताई, अशी काय बघतेस? भूत पाहिल्यासारखी?" मी म्हटलं, "घडी चुकतेय." आणि मच्छरदाणी त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

सांगता येत नव्हतं. कामाला लागताना मी सही केली होती, बाहेर एक अक्षर गेलं तर तुरुंग. पण खरं सांगायचं तर तुरुंगाची भीती नव्हती; बारक्याची होती. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. ह्याला कळलं की पलटणीला कळणार, पलटणीला कळलं की गोदीला, आणि मग ती चार जहाजं भर समुद्रात... तिथे कर्नलसाहेबांचंच बरोबर होतं. समोरचा चुकत असला तर राग सोसवतो. साहेब बरोबर असतील तर तो कुठे ठेवायचा?

सोमवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. कर्नलसाहेब कधी आवाज चढवत नसत, आपल्या पेन्सिली आपणच टोकत, आणि कोणी आलं की आधी खुर्ची देत. "बसा, तक्तेबाई."

मी बसले नाही. "साहेब, पाचव्या जहाजाचं बोलायचंय. अकरा दिवस माणसं सुती मोज्यांत राहणार. तिथे उणे सहा अंश असतं."

"उणे आठ," त्यांनी दुरुस्त केलं. "विचार झालाय त्याचा." आणि फाइलीतून एक कागद काढून माझ्यासमोर सरकवला. वैद्यकीय अधिकाऱ्याचा होता. स्वच्छ हस्ताक्षर, आखलेले रकाने. गोळीने निकामी, तापाने निकामी, आणि त्याखाली: थंडीने निकामी, शेकडा सात. म्हणजे कोणीतरी बसून हेही मोजलं होतं. माझ्या आधी. मला वाटत होतं की ही चूक आहे. मी दाखवली की ते कपाळाला हात लावतील. ती चूक नव्हतीच. तो रकाना होता.

"हे सात कोण?" मी विचारलं.

"शेकड्यातले सात, बाई. त्यांना नावं नसतात. तुम्ही सातांकडे बघताय, मला त्र्याण्णवांकडे बघावं लागतं. सुगावा लागला तर निम्मे पाण्यातच जातील. ह्याला आहे उत्तर तुमच्याकडे?"

मी रविवारभर तक्ता डोळ्यांसमोर घेऊन बसले होते. "पहिल्या जहाजात मुख्यालयाचं सामान आहे. टेबलं, कपाटं, नव्वद पेट्या. त्या पाचव्यात टाकल्या तर तेवढ्या जागेत एका पलटणीची लोकर बसते."

त्यांनी पेन्सिल टोकायची थांबवली. "मुख्यालय लिहिणार कशावर? गुडघ्यावर?"

हो, गुडघ्यावर. लिहू देत गुडघ्यावर. बोटं गळून पडेपर्यंत लिहू देत. हे सगळं माझ्या हिरड्यांत राहिलं. ते पुढे म्हणाले, "आणि एकाच पलटणीची ना? मग बाकी तिघींना काय सांगायचं? कोणाची निवड करणार, चिठ्ठ्या टाकून?" मग मान वर करून, अगदी मऊ आवाजात, "तक्तेबाई, तुमचं कोणी आहे का ह्यात?"

"हो" म्हटलं असतं तर त्याच घटकेला मला त्या खोलीतून उचलून रेशनच्या खात्यात टाकलं असतं, नियमच होता. आणि तक्ता दुसऱ्या कोणाच्या हातात गेला असता. मी म्हटलं, "नाही." इतक्या सहज म्हटलं की माझी मलाच घाण वाटली. सत्तावीस वर्षांत बारक्याला मी चापट मारली आहे, उपाशी ठेवलं आहे, पण तो माझा नाही असं कधी म्हटलं नव्हतं.

दुपारी चारला तो परत जायचा होता म्हणून मी अर्धी रजा टाकून आले. त्याने मोजे घातले, काढले, म्हणाला, "हे मोजे आहेत की चहाची गाळणी?" मी हसले नाही. त्याने दोनदा विचारलं, काय झालंय. शेवटी दारात मी एवढंच म्हटलं, "पाय कोरडे ठेवत जा."

"वाळूत?"

"सांगते तेवढं कर!" मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या बिऱ्हाडातली म्हातारी दार किलकिलं करून बघायला लागली. बारक्याचा चेहरा पडला. जाताना भांडून पाठवलं ह्याला, एवढंच त्याच्या मनात राहणार, हे मला दिसत होतं. तो जिना उतरून गेला आणि मी आत येऊन स्वयंपाकघरातलं एकेक भांडं खाली काढून घासत बसले, स्वच्छ होती ती सगळी.

मंगळवारी पक्का तक्ता टाइप करायचा होता. एकोणीस पानं, चार प्रती. सहाव्या पानावर पहिलं जहाज, वरचा थर: मुख्यालयाचं सामान, पेट्या नव्वद. सतराव्यावर पाचवं जहाज: लोकरी कपडे, पलटण चौदा, पेट्या नव्वद. मी दोन्ही ओळींची अदलाबदल केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोटं हलकी पडत होती. मग गोदामाला चिठ्ठी पाठवली की चौदाच्या नव्वद पेट्यांवर "मुख्यालय. उघडू नये" असा छाप मारावा. गोदीत कोणाला लोकरीचा संशय येऊ नये म्हणून. साहेबांचंच शहाणपण, त्यांच्याकडूनच शिकलेलं. कर्नलसाहेब पहिलं पान वाचत आणि शेवटच्यावर सही करत, हे मला माहीत होतं. त्यांनी सही केली, "सुबक झालाय," म्हणाले. शनिवारी जहाजं सुटली, कर्नलसाहेबही त्यांच्याबरोबर गेले. चौदा. मी चौदाच का निवडली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढं म्हटलं आणि विषय मिटवला. अकरा, बारा, तेरा हे तेव्हाही माझ्यासाठी आकडेच होते.

सात आठवडे काही नाही. मग बेट आपल्या ताब्यात आलं. कचेरीत पेढे नव्हते पण चेहरे तसेच होते. पाठोपाठ तक्ते आले, परत फिरलेल्या माणसांचे. थंडीने निकामी: अकरा, शेकडा नऊ. बारा, शेकडा नऊ. तेरा, शेकडा आठ. चौदा, शेकडा दोन. खाली कोणीतरी तांबड्या शाईने लिहिलं होतं: सरासरी सात, वैद्यकीय अंदाज अचूक. मी तो कागद किती वेळा वाचला कोण जाणे. माझ्या दोन ओळींनी त्यांचा अंदाज बरोबर आणून दिला होता. ते अचूक ठरले होते, माझ्यामुळे!

त्याच दिवशी बेटावरून परतलेल्या कर्नलसाहेबांनी बोलावलं, आणि पहिल्यांदाच दार आतून लावून घेतलं. मला वाटलं, झालं. ते खिडकीशी उभे होते. "माझी टेबलं अकराव्या दिवशी पोचली, तक्तेबाई. खोक्यावर बसून लढाई चालवली मी." माझं लक्ष दाराच्या कडीकडे होतं. "वरून पत्र आलंय. शत्रूला झुकांडी देऊन एका पलटणीचे गरम कपडे पहिल्याच जहाजातून नेण्याची दूरदृष्टी, असं लिहिलंय. माझी." ते वळले. "तो हुकूम मी तुम्हाला तोंडी दिला होता. आठवतं ना?"

एकाच पलटणीचे का, असं कोणी विचारलं तर? ते मी न विचारताच त्यांनी सांगितलं. "प्रयोग म्हणून."

त्यांच्या टेबलावर टोकलेल्या पेन्सिली ओळीने मांडलेल्या होत्या. त्यातली एक उचलून काय करावंसं वाटलं ते मी लिहिणार नाही. "आठवतं," मी म्हटलं. कारण बारक्या परत आला होता, रुग्णालयात होता, आणि मला त्याला बघायचं होतं. कोठडीतून बघता येत नाही.

रुग्णालय म्हणजे एक शाळा होती. वर्गांतून खाटा, फळ्यावर औषधांच्या वेळा. बारक्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. मला पाहताच तो उठून टेकून बसला, गाल आत गेलेले, पण तोंडाची टकळी तशीच. शेजारच्या खाटेवर एक जाड मिशांचा माणूस होता, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. "हा ड्रायव्हर," बारक्या म्हणाला. "बारा नंबरच्या पलटणीचा. आधी शहरात बस चालवायचा. ताई, ऐक आता, गंमत ऐक." आणि सांगायला लागला. उतरले तेव्हा बर्फ, चड्ड्या, सगळे एकमेकांना शिव्या देत मच्छरदाण्या अंगाला गुंडाळतायत. किनाऱ्यावर नव्वद पेट्या, मुख्यालयाच्या. माणसं म्हणाली, ह्या फोडू, आतली टेबलं जाळू. तर सुभेदार म्हणाला, खबरदार, साहेबांची टेबलं आहेत, ते जहाजावरून उतरेपर्यंत हात लावायचा नाही. वर पहारा बसवला! "चार दिवस, ताई. दोन-दोन तासांच्या पाळ्या. माझी बोटं त्या पहाऱ्यातच गेली. पाचव्या दिवशी एकाचं डोकं फिरलं, त्याने कुऱ्हाड घातली. आणि आत काय? कोट! मोजे! हातमोजे! आम्ही चार दिवस आमच्याच कपड्यांवर पहारा देत होतो!" तो हसत होता, खोकत होता, हसत होता. "मग काय, बाकीच्या पलटणी आल्या बघायला. चौदाला मिळाले, त्यांना नाही. असं कसं चालेल? मग आम्ही पाळ्या लावल्या. दोन तास कोट माझा, दोन तास ह्याचा. असं अकरा दिवसांपर्यंत. ह्याचे हात आधीच गेले होते, पण पाय वाचले. काय रे?"

ड्रायव्हरने मान हलवली. "वाचले."

"म्हणतात कर्नलसाहेबांनी युक्ती केली होती," बारक्या म्हणाला. "भेटला तर पाय धरीन त्याचे. आणि मग 'उघडू नये' का लिहिलंस म्हणून एक ठेवून देईन."

मी त्याच्या खाटेच्या कडेवर बसले होते. हिरड्या ठणकत होत्या. चार दिवस. मी छाप मारायला लावला नसता तर पहिल्याच दिवशी. आणि पाळ्या. आठशे माणसांना एका दिवसात जे सुचलं, न लिहिता, न टाइप करता, ते मला तीन आठवड्यांत नव्वद पेट्या समोर असून सुचलं नव्हतं. कपडे सगळ्यांत वाटून भरता आले असते. कोणाला कोट, कोणाला मोजे. मी फक्त चौदाकडे बघत होते. "मी लिहिलं ते," मी म्हटलं.

"काय?"

"उघडू नये. मीच लिहायला लावलं. पेट्यांची जागाही मीच बदलली. साहेबांना ठाऊक नव्हतं. कपडे पाचव्या जहाजात ठेवायचा तक्ताही आधी मीच केला होता. तू सुट्टीवर आलास तेव्हा मला सगळं माहीत होतं. कुठे जाणार ते. किती थंडी ते."

बारक्या माझ्याकडे बघत राहिला. कधीतरी ह्याला राग येईल, ओरडेल, ह्याची मी वाट बघत होते. माझ्याएवढाच राग येईल, मग आम्ही दोघं मिळून तो कुणावर तरी टाकू. पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तो काहीतरी जुळवत होता. मध्येच शेजारून आवाज आला, शांत, नुसतं विचारल्यासारखा.

"मग बाराचे कपडे कुठे होते, ताई?"

"पाचव्या जहाजात."

"का?"

माझ्याकडे उत्तरं होती. जागा नव्वद पेट्यांचीच होती. एकच पलटण बसत होती. जास्त बदल केला असता तर पकडले गेले असते. सगळं खरं. मी तोंड उघडलं आणि कर्नलसाहेबांचा मऊ आवाज माझ्या घशातून वर येताना मला ऐकू आला. मी तो गिळला.

"चौदात माझा भाऊ होता," मी म्हटलं.

"ताई, गप्प बस," बारक्या हलक्या आवाजात म्हणाला. तो ड्रायव्हरकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. त्याने पांघरूण पायावर ओढून घेतलं.

ड्रायव्हरने आपले पट्ट्यांतले हात उचलून पांघरुणावर ठेवले. म्हणाला, "मलाही एक बहीण आहे. ती शाळेत शिकवते."